शल्यविशारद अबुल कासिम जहरावी आणि बैलाच्या हाडाचा दात



नागपूरच्या गांधीबागेतील कापडाच्या ठोक बाजाराची वर्दळ तुमच्या परिचयाची असेल. अशी कल्पना करा की, एके संध्याकाळी असरची नमाज आटोपून तुम्ही आपल्या अब्बांना घेऊन जवळच्याच एका दंतवैद्याकडे बसला आहात. अब्बांच्या दोन दाढा काही वर्षांपूर्वी काढलेल्या आहेत आणि आता त्या जागी पक्का दात बसवावा अशी घरच्यांची इच्छा आहे. वैद्य क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरतात आणि सांगतात की, दात गेल्यापासून त्या जागचे जबड्याचे हाड झिजून गेले आहे. दाताचा स्क्रू धरून ठेवील एवढे हाडच उरलेले नाही. आधी तिथे हाड भरावे लागेल. अब्बा क्षणभर गप्प राहतात आणि मग हळूच एकच प्रश्न विचारतात. हे हाड कुणाचे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुखातून दिवसातून पाच वेळा कुरआनचे पठण होते, त्या मुखात काय बसवले जात आहे हे जाणून घेण्याचा मोमिनाला पूर्ण अधिकार आहे. परंतु या प्रश्नाच्या भयाने उपचारच टाळणे, किंवा संकोचापोटी काहीच न विचारता मान डोलावणे, हे दोन्ही मार्ग आपल्या दीनचे नव्हेत. याचे उत्तर शोधण्यापूर्वी, हजार वर्षांपूर्वी याच प्रश्नाच्या अगदी जवळ काम करणाऱ्या एका थोर मुस्लिम शल्यविशारदाचे चरित्र आपण पाहू या.

त्यांचे पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्ने अब्बास जहरावी. इ.स. ९३६ च्या सुमारास अंदलुस म्हणजे मुस्लिम स्पेनमधील मदीनतुज्जहरा या नगरीत त्यांचा जन्म झाला आणि त्या नगरीवरूनच ते जहरावी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या नावापुढे अन्सारी हा शब्दही लावला जातो, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांना आश्रय देणाऱ्या मदीनावासी अन्सारांशी त्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते. खलीफा अब्दुर्रहमान तृतीय यांनी ही राजनगरी कुर्तुबा शहरापासून काही मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी वसवली होती. त्या काळचे कुर्तुबा मशिदी, ग्रंथालये, स्नानगृहे आणि विद्वानांच्या सभा यांनी गजबजलेले होते. जहरावी यांचे शिक्षण आणि सारी वैद्यकसेवा याच परिसरात घडली.

त्यांच्या खाजगी जीवनाविषयी इतिहासाने फारच थोडे जपून ठेवले आहे. त्यांनी दरबारी वैभवाच्या कथा मागे ठेवल्या नाहीत, स्वतःचे चरित्रही लिहिले नाही. त्यांनी मागे ठेवला तो एक ग्रंथ. सुमारे पन्नास वर्षे रुग्ण तपासल्यावर, इ.स. १००० च्या आसपास, त्यांनी अत्तसरीफ हा तीस भागांचा वैद्यकीय कोश पूर्ण केला. त्यात रोगांची लक्षणे आहेत, औषधे आहेत, आहार आहे, मलम आणि काढे आहेत. परंतु जगाने डोक्यावर घेतला तो त्याचा शेवटचा, तिसावा भाग. तो शल्यक्रियेवर आहे. त्यात आधी डागण्याची चिकित्सा, मग कापण्याची, आणि शेवटी मोडलेली हाडे बसवण्याची. सुमारे दोनशे उपकरणांची चित्रे त्यांनी त्यात दिली. वैद्यकाच्या ग्रंथात हत्यारांची अशी पद्धतशीर चित्रे देण्याचे इतके मोठे काम त्यांच्यापूर्वी झाल्याचे आढळत नाही. कुर्तुब्याचेच थोर विद्वान इब्ने हज्म यांनीही या ग्रंथाची प्रशंसा केलेली आहे.

आता आपण आपल्या विषयाकडे, म्हणजे दातांकडे वळू. त्या काळी दात काढणे हे हजामांचे काम समजले जाई. प्रतिष्ठित वैद्य त्यात हात घालीत नसत. जहरावी यांनी हा कमीपणा मानला नाही. त्यांनी दाताला शरीराचा एक मौल्यवान घटक मानले आणि तो वाचवण्यासाठी होतील तेवढे सर्व उपाय करावेत, काढण्याची घाई करू नये, असे शिकवले. कारण एकदा गेलेल्या दाताची जागा पूर्वीसारखी कशानेही भरून निघत नाही. आज हजार वर्षांनी दंतवैद्यकाच्या महाविद्यालयांतही हाच धडा दिला जातो.

त्यांनी सर्वप्रथम लक्ष दिले ते दातांवर साचणाऱ्या खरखरीत कठीण थराकडे. हा पिवळा, काळपट किंवा हिरवट थर हिरडीपर्यंत उतरतो आणि हिरडी खराब करतो, हे त्यांनी ओळखले. रुग्णाला समोर बसवून, त्याचे डोके आपल्या मांडीवर घेऊन, हा थर खरवडून काढावा; एका बैठकीत निघाला नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, पण तो अर्धवट सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. या कामासाठी त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या खरवडण्यांची चित्रे काढून दिली. कारण दाताच्या आतल्या बाजूला चालणारे हत्यार बाहेरच्या बाजूला चालत नाही आणि दोन दातांमधल्या फटीसाठी तिसरेच लागते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती दुखऱ्या दाताच्या खात्रीविषयी. वेदना माणसाला फसवते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. रुग्ण एका दाताकडे बोट दाखवतो, हजाम तो उपटतो, आणि दुखणे मात्र तसेच राहते. कारण रोग शेजारच्या दातात असतो. म्हणून आधी नीट खात्री करा. मग दाताभोवतीची हिरडी मोकळी करा. दात हळूहळू हलवून सैल करा. आणि मुळे तुटणार नाहीत अशा बेताने सरळ दिशेने काढा, ही त्यांची पायरीपायरीची शिकवण आहे. मूळ तुटून आत राहिलेच तर ते कसे काढावे आणि त्यासाठी कोणती हत्यारे लागतात, हेही त्यांनी वगळले नाही.

तिसरी गोष्ट सोन्याच्या तारेची. पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे पुढचे दात हलू लागले, तर ते बाजूच्या भक्कम दातांशी तारेने विणून घट्ट बांधावेत अशी पद्धत त्यांनी चित्रासह दिली. तार चांदीची की सोन्याची, यावर त्यांचे मत स्पष्ट होते. चांदी काही दिवसांत हिरवी पडते आणि खराब होते. सोने जसेच्या तसे राहते. म्हणून सोने उत्तम.

इथे तुमच्या मनात शंका आली असेल की, पुरुषांना सोने वापरण्याची मनाई असताना हे कसे? सहाबी अर्फजा बिन असअद (रजि.) यांची हकीकत आठवा. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. ही हकीकत हदीसच्या ग्रंथांत आली आहे आणि तिच्याच आधारे फुकहांनी दात सोन्याने बांधण्याच्या प्रश्नावर विचार केला. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी दात बांधण्यासाठी चांदीच पुरेशी मानली, तर त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांनी सोन्यालाही हरकत घेतली नाही. शोभेचे सोने वेगळे आणि गरजेचे सोने वेगळे, हा भेद आपल्या धर्मशास्त्राने किती आधी आणि किती बारकाईने केला होता, हे यावरून दिसते. आणि जे एका सहाबीच्या नाकाच्या बाबतीत घडले होते, तेच चांदीविषयी जहरावी यांनी शतकांनंतर रुग्णांच्या मुखात पाहिले.

आता बैलाच्या हाडाकडे येऊ. दात पडून गेला असेल, तर तोच दात पुन्हा जागेवर ठेवून तारेने बांधता येतो, असे जहरावी लिहितात. आणि तो दातच उपलब्ध नसेल, तर बैलाच्या हाडाचा तुकडा घेऊन, दाताच्या आकारात कोरून, रिकाम्या जागी बसवावा आणि शेजारच्या दातांशी बांधावा. हे काम कुशल आणि हलक्या हाताच्या कारागिराचेच आहे, असेही ते बजावतात. हरवलेल्या दाताच्या जागी प्राण्याचे हाड बसवण्याची ही पद्धत शल्यक्रियेच्या ग्रंथात इतक्या स्पष्टपणे नोंदवण्याचा मान त्यांच्याकडे जातो.

परंतु वाचकहो, अतिशयोक्ती करून आपल्या पूर्वजांचा सन्मान वाढत नाही. जहरावी यांनी बसवलेले हाड जबड्याशी एकजीव होत नसे. ते तारेच्या आधाराने उभे राही. आजचे हाडरोपण ही पुढची पायरी आहे. दात काढल्यानंतर जबड्याच्या त्या भागावर चावण्याचा ताण येत नाही, आणि वापरात नसलेले हाड शरीर हळूहळू शोषून घेते; पहिल्या काही महिन्यांतच त्याची रुंदी आणि उंची घटू लागते. हिरड्यांच्या जुनाट रोगानेही हाड असेच खचते. त्या जागी वैद्य हाडाचे बारीक दाणे भरतात आणि वरून एक पातळ पडदा घालून हिरडी शिवतात. हे दाणे बांधकामाच्या पालखाचे काम करतात. त्यांच्या आधाराने शरीर स्वतःचे नवे हाड तयार करते. यास काही महिने लागतात, आणि त्यानंतर तिथे दाताचा स्क्रू पकड घेऊ शकतो.

हे दाणे चार ठिकाणांहून येतात. पहिले, रुग्णाचे स्वतःचे हाड; ते हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून घेतात. दुसरे, मृत्यूनंतर दान केलेले, प्रक्रिया केलेले मानवी हाड. तिसरे, प्राण्यांचे हाड. ते बहुधा गाय-बैलांचे असते, काही वेळा डुकराचेही असते, आणि त्यातील मांसल अंश उष्णतेने वा रसायनांनी काढून टाकलेला असतो. चौथे, कॅल्शियम आणि फॉस्फेटपासून कारखान्यात बनवलेले कृत्रिम दाणे. वरचा पडदाही डुकराच्या किंवा गुराच्या कातडीपासून बनलेला असू शकतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून अब्बांचा प्रश्न दाण्यांपुरता न ठेवता पडद्याविषयीही विचारावा.

कोणत्या प्राण्याचे हाड, या प्रश्नाने इतरही समाजांना अस्वस्थ केले आहे. हॉलंडचे शल्यचिकित्सक योब फान मेकरेन यांच्या १६६८ च्या ग्रंथात रशियातील एका जखमी सरदाराची हकीकत आहे. त्याच्या कवटीतील भोक कुत्र्याच्या हाडाने बुजवले गेले. पण धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले. तेव्हा त्याने ते हाड काढून टाकण्याची विनंती केली. परंतु जखम इतकी भरून आली होती की ते काढणे शक्यच झाले नाही. उपचाराआधी विचारला न गेलेला प्रश्न उपचारानंतर किती जड जातो, हे या हकीकतीतून शिकावे.

आपल्या फुकहांनी हा प्रश्न फार आधी विचारला होता. हाडाने उपचार करण्याविषयी इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत हनफी ग्रंथांत नोंदलेले आहे. बकरी, गाय, उंट, घोडा आदी जनावरांच्या हाडाने उपचार करण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. डुकराचे आणि माणसाचे हाड मात्र त्यांनी अपवाद ठरवून नापसंत मानले. एक अपवित्रतेमुळे आणि दुसरे मानवी देहाच्या सन्मानामुळे, असे त्याचे कारण दिले जाते. आधुनिक काळात, १९८८ साली जेद्दा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात, माणसाच्या शरीराचा एक भाग त्याच्याच शरीरात दुसरीकडे बसवणे, लाभ हानीपेक्षा अधिक असण्याच्या अटीवर, वैध मानण्यात आले. दान केलेल्या मानवी हाडाविषयी आणि प्रक्रियेमुळे मूळ पदार्थ बदलून पवित्र होतो की नाही याविषयी आजच्या आलिमांत मतभेद आहेत. जिथे निर्विवाद पर्याय उपलब्ध असतो, तिथे मतभेदाच्या वाटेने जाण्याची गरज नसते. आणि दाताच्या बाबतीत असे पर्याय बहुधा उपलब्ध असतात. म्हणून वैद्याला साहित्याचे मूळ विचारा, ते लिहून घ्या, आणि तो कागद आपल्या विश्वासातील मुफ्तींना दाखवा. वैद्याने औषधाचा निर्णय द्यावा आणि आलिमाने मसल्याचा.

स्वतःची मर्यादा ओळखणे हा जहरावी यांच्या स्वभावाचा पाया होता. शरीररचनेचे ज्ञान नसताना हातात शस्त्र घेणाऱ्यांची त्यांना भीती वाटे. एका अडाणी वैद्याने मानेवरील गाठ कापताना धमनी छेदली आणि रुग्ण जागीच मरण पावला, ही घटना त्यांनी ग्रंथात नोंदवली, ती इतरांना सावध करण्यासाठी. शल्यक्रियांचे त्यांनी दोन प्रकार केले: ज्यात बहुधा सुरक्षितता असते आणि ज्यात धोका अधिक असतो. दुसऱ्या प्रकारापासून त्यांनी शिष्यांना पुन्हापुन्हा सावध केले. लोभाने किंवा कीर्तीसाठी असाध्य रोगाला हात घालू नये, असे त्यांचे सांगणे होते. शिष्यांना ते आपली मुले म्हणून संबोधित, आणि पिता मुलाला जसे धोक्याचे वळण दाखवतो तसे लिहीत.

त्यांच्या आयुष्याची संध्याकाळ सुखाची नव्हती. इ.स. १००९ नंतर अंदलुसमध्ये यादवी पेटली. ज्या मदीनतुज्जहरात ते जन्मले, ती नगरी त्यांच्या डोळ्यांदेखत लुटली गेली. इ.स. १०१३ च्या सुमारास ते अल्लाहला प्यारे झाले. संगमरवरी महाल ढासळले. त्यांचा ग्रंथ मात्र उरला. बाराव्या शतकात तुलैतुला म्हणजे टोलेडो येथे जेरार्ड या क्रेमोनाच्या विद्वानाने शल्यक्रियेचा भाग लॅटिनमध्ये उतरवला. चौदाव्या शतकातील फ्रान्सचे शल्यविशारद गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात त्यांचा उल्लेख दोनशेहून अधिक वेळा केला. १४६५ साली अमास्या येथील शरफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी त्याच्या आधारे तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ रचला. आणि १९०८ साली आपल्याच देशात, लखनौला, अत्तसरीफचा हा शल्यक्रियेचा भाग छापला गेला. ज्याचा लोकांना उपयोग होतो ते ज्ञान, माणूस गेल्यानंतरही त्याच्या पुण्यात भर घालीत राहते, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. जहरावी यांचे जीवन तिचे उदाहरण ठरावे.

आता पुन्हा गांधीबागेत परत या. अब्बांचे हाड का झिजले, याचा विचार आपण अजून केलेला नाही. बाजारातून मोमिनपुऱ्याकडे निघा आणि पानठेले मोजत चला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून बनवलेला खर्रा आपल्या नागपूरच्या तरुणांच्या गालात सकाळपासून रात्रीपर्यंत असतो. तो हिरड्या सोलतो, तोंडाचे उघडणे कमी करतो आणि कर्करोगाची वाट मोकळी करतो. तंबाखूचे सेवन चालू असेल तर भरलेले हाडही नीट धरत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तरीही तेच. हाड हलाल आहे की नाही हे बारकाईने विचारणाऱ्या आपण, गालातील खऱ्ऱ्याविषयी तोच प्रश्न स्वतःला कधी विचारला आहे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिस्वाक इतका प्रिय होता की, उम्मतला कठीण जाण्याची काळजी नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी त्यांनी त्याचा आदेश दिला असता. पीलूच्या काडीचा असो वा ब्रशचा, तो सुन्नतचा हेतू आपल्या घरात जिवंत आहे का? लहान मुले झोपण्यापूर्वी दात घासतात का? दात हलू लागण्याआधी, वर्षातून एकदा तरी, मेडिकल चौकातील शासकीय दंत रुग्णालयात किंवा घराजवळच्या दंतवैद्याकडे तपासणीला आपण जातो का? जहरावी यांनी शिकवलेली दातांची सफाई आज अर्ध्या तासात होते. ती वेळेवर झाली तर पुष्कळदा हाड भरण्याची पाळीच येत नाही.

शरीर ही आपली मालमत्ता नाही. ती अल्लाहने सोपवलेली अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे. जे शाबूत आहे ते जपावे. जे गेले ते वैध मार्गाने भरून काढावे. ज्याचे ज्ञान नाही ते जाणकाराला विचारावे. कुर्तुब्याच्या त्या हकीमांनी पन्नास वर्षे हेच केले.

अल्लाह तआला त्यांच्या कबरीवर कृपेचा वर्षाव करो, आपल्या वडीलधाऱ्यांना आरोग्य देवो, आपल्या तरुणांना व्यसनापासून वाचवो आणि ज्या मुखाने आपण त्याचे नामस्मरण करतो ते मुख स्वच्छ ठेवण्याची आपणा सर्वांना तौफीक देवो. आमीन.